भेट आणि सुटा भाग

मराठीत 'भेट' या शब्दाचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदतात. दोन माणसे एकमेकांसमोर येतात ती भेट, आणि एकाने दुसऱ्याला प्रेमाने दिलेली वस्तू तीही भेट. पुस्तकाच्या कोऱ्या पानावर 'सप्रेम भेट' लिहून खाली सही करणाऱ्या लेखकाला यातला कोणता अर्थ अभिप्रेत असतो, हे ठरवणे कठीण. कदाचित त्यालाही ते ठरवायचे नसते. मात्र याच शब्दाला 'अचानक' हे विशेषण जोडले, की मराठी एकदम एकार्थी होते. 'अचानक भेट' म्हणजे शिक्षणाधिकाऱ्यांनी शाळेला दिलेली भेट. न सांगता आणलेल्या वस्तूसाठी आपल्याकडे शब्द रूढ झालेला नाही. तिथे आपण 'सरप्राइज' म्हणतो आणि पुढे जातो. शब्द नाही म्हणून कल्पनाही नव्हती, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण परळच्या चाळीतल्या ज्या खोलीत ट्रंकेची किल्ली कुठे टांगलेली असते हे शेजारणीलाही ठाऊक असे, त्या खोलीत लपवण्याजोगी वस्तू ठेवणार तरी कुठे, हा प्रश्न उरतोच.

हे सारे आठवण्याचे कारण एक पिस्टन. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही आमच्या यजमानांना त्यांच्या मोटारसायकलचा पिस्टन, त्याच्या रिंगा आणि गॅस्केटचा संच भेट म्हणून दिला, आणि तो मिळवताना जी पायपीट झाली तीत भेट या कल्पनेविषयीची आमची काही मते बदलली. आमचे आजचे मत असे, की जोडीदाराला देण्याच्या सर्व वस्तूंमध्ये यंत्राचा सुटा भाग ही सर्वांत कठोर परीक्षा घेणारी वस्तू आहे. साडी चुकली तर 'रंग छान आहे' म्हणून वेळ मारून नेता येते. पुस्तक चुकले तर ते कपाटात उभे राहते. पिस्टन चुकला तर तो बसतच नाही. तिथे सौजन्याला वाव नाही.

यंत्राविषयी थोडे सांगायला हवे. ही मोटारसायकल म्हणजे येझदी, २५० सीसीची. मूळ झेकोस्लोव्हाकियातल्या जावा मोटारसायकली १९६० च्या दशकाच्या आरंभापासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात तयार होऊ लागल्या; १९७० च्या दशकात टाकीवरचे जावा हे नाव जाऊन तिथे येझदी आले; १९९६ साली कारखाना बंद पडला. जावा हे नाव २०१८ साली आणि येझदी २०२२ साली नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले, पण या गाड्या चार स्ट्रोकच्या. त्यांचा एकही अवयव जुन्या दोन स्ट्रोकच्या इंजिनात चालत नाही. जुन्या येझदीला एकाच सिलिंडरचे दोन सायलेन्सर, आणि किक व गिअर या दोहोंसाठी एकच दांडा: उभा केला की किक, खाली घेतला की गिअर. आमच्या सासऱ्यांनी, जे लालबागच्या एका गिरणीत फिटर होते, ही गाडी १९७९ साली सेकंडहँड घेतली. आता ती यजमानांकडे आहे. ते तिच्यावरून रोज जातात असे नाही. रविवारी सकाळी ते तिच्याजवळ बसतात, असे म्हणणे अधिक खरे.

आम्ही शिकवतो साहित्य. दादरच्या वर्गात ओ. हेन्रीची १९०५ सालची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' ही कथा कितीतरी वर्षे शिकवली. गरीब जोडपे, नाताळची पूर्वसंध्या. डेला आपले केस विकून जिमच्या घड्याळासाठी प्लॅटिनमची साखळी आणते. जिम घड्याळ विकून डेलाच्या केसांसाठी कंगवे आणतो. त्याग, विरोधाभास, अखेरची कलाटणी हे सर्व आम्ही फळ्यावर मांडत आलो. पण त्या दोघांनी एकमेकांसाठी आणलेल्या दोन्ही वस्तू हे सुटे भाग आहेत, ही साधी गोष्ट आमच्या लक्षात फार उशिरा आली. साखळीला घड्याळाविना अर्थ नाही, कंगव्याला केसांविना नाही. ओ. हेन्रीच्या कथेत भेट वाया जाते ती भाग चुकतो म्हणून नव्हे, यंत्रच विकले गेलेले असते म्हणून. आणि ते विकले गेल्याचे कळत नाही, कारण दोघांनीही आश्चर्याच्या हौसेपायी एकमेकांना काही विचारलेले नसते.

आम्ही तरी कुठे विचारले? इंजिन 'खेचत नाही', मलबार टेकडीच्या चढावर दम टाकते, किक पूर्वीपेक्षा हलकी लागते, आत खळखळ येते, हे यजमानांचे बोलणे वर्षभर कानांवर पडत होते. पिस्टन बदलावा लागेल, असेही ते एकदोनदा म्हणाले होते. एवढ्या भांडवलावर आम्ही एका शनिवारी दादरहून चर्नी रोडला उतरून ऑपेरा हाउसच्या दिशेने निघालो. रॉयल ऑपेरा हाउस ही १९११ साली बादशहा पंचम जॉर्जच्या हस्ते उद्घाटन झालेली वास्तू १९९३ पासून बंद होती आणि दुरुस्तीनंतर २०१६ साली पुन्हा उघडली. तिच्या आसपासच्या रस्त्यांवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत. जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा चालती करणे हे त्या परिसराचे ब्रीदच असावे, असा एक साहित्यिक विचार आमच्या मनात आला आणि काउंटरवर पोहोचताच विरून गेला.

"कौनसा मॉडेल?" हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आम्हांला येत होते. "कितने साल का?" याचेही अंदाजाने आले. तिसरा प्रश्न आला, "साइज कौनसा? स्टँडर्ड है, की बोअर किया हुआ है?" आणि आम्ही गप्प झालो. काउंटरमागच्या वृद्ध गृहस्थांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि अगदी सौम्यपणे विचारले, "गॅरेजवाल्याने पाठवले का, बेन?" नाही, असे सांगितल्यावर ते थोडे हसले. त्या हसण्यात उपहास नव्हता. बायकोने नवऱ्यासाठी पिस्टन मागण्याचा प्रसंग त्यांच्यावर रोज येत नसावा, इतकेच.

तिसरा प्रश्न इतका का महत्त्वाचा, हे ज्यांना माहीत नाही अशा आमच्यासारख्यांसाठी सांगतो. या इंजिनाच्या सिलिंडरचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. पिस्टन वर्षानुवर्षे आत घासत राहिला की सिलिंडर झिजतो, आणि सगळीकडे सारखा झिजत नाही. मग तो आतून कोरून पुन्हा गोल करतात. त्याला बोअर करणे म्हणतात. एकदा बोअर झाला की मूळ मापाचा पिस्टन त्यात ढिला पडतो. पाव मिलिमीटर मोठा पिस्टन लागतो. पुढच्या वेळी अर्धा, मग पाऊण, मग एक. म्हणजे एकाच दिवशी एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन येझदी चाळीस वर्षांनी एकाच मापाच्या राहत नाहीत. प्रत्येकीचे माप तिच्या झिजण्याने ठरलेले असते. मॉडेल आणि साल सांगणे म्हणजे माणसाचे नाव आणि जन्मतारीख सांगणे. दुकानदार विचारत होता तो प्रश्न त्यानंतरचा होता: मधल्या काळात त्याचे काय काय झाले?

आणि हे माप कळण्याचा सरळ मार्ग म्हणजे इंजिन उघडणे. पिस्टनच्या माथ्यावर साइज कोरलेला असतो. हेड काढले की दिसतो. पण गाडीच्या मालकाला नकळत गाडीचे हेड काढायचे कसे? परळच्या ज्या मेकॅनिककडे यजमान जातात त्याला आम्ही गाठले. तो म्हणाला, "वहिनी, भाऊंना न विचारता मी त्या इंजिनाला पाना लावणार नाही." या नकाराचा आम्हांला तेव्हा राग आला, आज त्याविषयी आदर वाटतो. जाताना त्याने एक गोष्ट सांगितली: भाऊंनी टायर, प्लग, कार्बुरेटर सगळे केले आहे, पण बोअर आजवर उघडलेला नाही. शेवटचे काम म्हाताऱ्यांच्या वेळचे असणार.

घरी आल्यावर आम्ही सासूबाईंना विश्वासात घेतले. लपवाछपवी संपली ती इथेच, कारण दुसऱ्या दिवशी मजल्यावरच्या निम्म्या बायकांना बातमी कळली होती. चाळीने गुपित पाळले, पण ते सर्वांनी मिळून पाळले. सासूबाईंनी मात्र काही न बोलता कपाटाच्या तळातून एक लांबट वही काढून दिली. गिरणीत फिटर असलेल्या माणसाच्या सवयीप्रमाणे सासऱ्यांनी गाडीचा सारा इतिहास तीत लिहून ठेवला होता: ऑइल केव्हा, क्लच प्लेट केव्हा, चेन केव्हा, किती पैसे. हस्ताक्षर बारीक आणि तिरपे. शेवटून तिसऱ्या नोंदीत, नोव्हेंबर १९८१ च्या तारखेखाली, हवे ते मिळाले: 'बोअर केले. पिस्टन ०.५०.' म्हणजे आता पुढचे माप ०.७५.

आयुष्यभर आम्ही पाठचिकित्सेविषयी बोललो. हस्तलिखिताच्या एका नोंदीवरून इतक्या खात्रीचा निष्कर्ष काढण्याचा योग मात्र त्याच दिवशी आला. तोही तसा पूर्ण खात्रीचा नव्हता. झीज फार असेल तर पाऊणाने भागणार नाही, एक लागेल, असे ऑपेरा हाउसच्या गृहस्थांनी दुसऱ्या खेपेस बजावले. त्यांच्याकडे माल नव्हता. त्यांनी दुसरीकडे पाठवले, तिथून चोर बाजाराकडे, आणि तिसऱ्या शनिवारी एका खोलगट दुकानात पिवळ्या पडलेल्या खोक्यातला ०.७५ आमच्या हाती आला. "पाकीट फोडू नका, नाही बसला तर परत घेईन," हे त्या दुकानदाराचे शब्द. परत करता येणारी भेट ही आम्हांला तोवर भेटीची विटंबना वाटत असे. आता वाटते की चूक कबूल करण्याची सोय ठेवून दिलेली भेट अधिक प्रामाणिक असते.

पाडवा आला. दिवाळीचा पाडवा म्हणजे बलिप्रतिपदा, आणि बळीच्या कथेत दानाविषयीचा एक इशारा आहे तो आपण विसरतो: समोरच्याचा पाय केवढा हे न पाहता त्याने तीन पावले दिली. या दिवशी पत्नीने पतीला ओवाळायचे आणि पतीने ओवाळणी घालायची, ही आपली रीत. वस्तू एकाच दिशेने जाते. भाषेनेही तीच दिशा पक्की केली आहे. यजमान म्हणजे मुळात यज्ञ करवणारा, दक्षिणा देणारा. देणे त्याच्या नावातच आहे. आम्ही ओवाळले, त्यांनी तबकात पाकीट ठेवले, आणि मग आम्ही ते पिवळे खोके त्याच तबकात ठेवले.

पिस्टन पाहून त्यांना फारसे आश्चर्य वाटले नाही. चाळीत राहणाऱ्या माणसाला इतके तर कळतेच. त्यांनी खोके फिरवून त्यावरचा आकडा वाचला आणि मान वर केली. "पाऊण? पाऊण तुला कोणी सांगितलं?" त्यांना स्वतःलाही तो आकडा ठाऊक नव्हता. आम्ही वही पुढे केली. त्यानंतर बराच वेळ ते वहीच वाचत बसले.

आमच्या मते सरप्राइज या गोष्टीत जपण्यासारखे जे काही आहे, ते त्या 'पाऊण'मध्ये आहे. वस्तू दडवून ठेवून ऐन वेळी पुढे करणे हा जादूगाराचा धंदा झाला. आपल्याविषयी कोणी इतके खोलात जाऊन विचारपूस केली होती आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, हे आश्चर्य निराळे. इथे वस्तूची भेट आणि माणसाची भेट हे दोन अर्थ पुन्हा जवळ येतात.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की जुन्या यंत्राच्या छंदात शोधणे हेच सुख असते. तो भाग आयता आणून दिलात तर त्या माणसाचे रविवारचे सुखच हिरावलेत. आक्षेप खरा आहे. आमचे उत्तर एवढेच, की पिस्टन आणून इंजिन होत नाही. बोअर करवून घेणे, खाचा तपासणे, हळूहळू इंजिन मोकळे करणे हे महिन्याभराचे काम त्यांच्याच हाती राहिले. भाग द्यावा, जोडणी देऊ नये.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आमचा आमच्यावरच आहे. सुटा भाग ही जर इतकी उत्तम भेट, तर पाडव्याला बायकोला मिक्सरचे नवे भांडे किंवा कुकर देणाऱ्या नवऱ्याला आपण का हसतो? तोही यंत्राकडे पाहूनच वस्तू आणतो की. फरक असा, की मिक्सर तिचा नसतो. तो घराचा असतो, ती फक्त तो चालवते. येझदी यजमानांची स्वतःची आहे. ती बंद पडली तर घरात कोणाचे जेवण अडत नाही. सुटा भाग भेट ठरतो तो यंत्र त्या माणसाच्या आनंदाचे असेल तर. कर्तव्याच्या यंत्राचा भाग ही दुरुस्ती असते, आणि दुरुस्तीचा खर्च ओवाळणीत धरू नये. गिरगावात गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून बुलेटवर निघणाऱ्या स्त्रिया गेली अनेक वर्षे वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर दिसतात. त्या छायाचित्रांकडे पाहताना आमच्या मनात हल्ली एकच कुतूहल असते: यांपैकी किती गाड्या त्यांच्या स्वतःच्या, आणि किती जणींच्या नवऱ्यांना त्या गाडीच्या क्लच केबलचे माप ठाऊक आहे?

इथे लेख संपला असता. पण ती वही दोन्ही बाजूंनी लिहिलेली होती. पुढून गाडीचा हिशेब, मागून घरचा. पाडव्याच्या दुपारी यजमानांनी ती उलटी केली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, जो अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. त्या वर्षाची पाने मागच्या बाजूला होती. गाडीच्या बाजूच्या नोंदी जवळजवळ थांबलेल्या, कारण पेट्रोलला पैसे नव्हते. घरच्या बाजूला जुलै १९८२ मध्ये त्याच बारीक तिरप्या अक्षरात एक ओळ: 'पाटल्या २, वजन ३४ ग्रॅम, विकल्या.'

डेलाचे केस पुन्हा वाढणार असतात, आणि ओ. हेन्री वाचकाला तेवढा दिलासा देतो. लालबाग-परळच्या घरांतून त्या वर्षी जे विकले गेले ते कोणाला भेट आणण्यासाठी नव्हते, तांदूळ आणि शाळेची फी यांसाठी होते, आणि त्याला कलाटणी नव्हती. आमच्या घरात पाटल्या गेल्या आणि मोटारसायकल ताडपत्रीखाली राहिली. हे कोणी ठरवले, कसे ठरवले, भांडण झाले की झालेच नाही, ते वही सांगत नाही. आम्ही ज्या यंत्रासाठी तीन शनिवार वणवण केली, ते आमच्यापर्यंत पोहोचले ते त्या पाटल्यांच्या जिवावर, एवढे मात्र त्या दोन बाजू एकत्र वाचल्यावर लपत नाही. इतक्या वर्षांत गाडीचा प्रत्येक भाग परत आला. पाटल्यांचा विचार आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही.

सासूबाई पलीकडे फराळाचे डबे भरत होत्या. त्यांना त्या पानाविषयी ठाऊक होते. वही त्यांनीच दिली होती. यजमानांनी वही मिटली आणि ते हलक्या आवाजात आम्हांला म्हणाले, "पुढच्या पाडव्याला. आईला सांगू नकोस."

आम्ही त्यांना एकच आठवण करून दिली. सोनाराकडे गेले की तोही विचारणार, माप काय? वहीत वजन आहे, माप नाही. आणि १९८२ चे माप असते तरी आता ते उपयोगाचे नव्हते, मनगटेही झिजतात. ते तर आईंनाच विचारावे लागेल.